कोलेस्टेरॉल : न दुखणारे दुखणे

“कालपर्यंत तर अगदी धडधाकट होते!”

अंत्यविधीसाठी जमलेल्या लोकांमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येते. धर्मगुरू या नात्याने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ते किती वेळा कानांवर पडले असेल, याची मोजदाद नाही. मृत व्यक्ती पुष्कळदा पन्नाशीच्या आसपासची असते. कुटुंबाचा कर्ता आधार, मुलांची शिक्षणे अर्धवट, घराचे हप्ते बाकी, आणि एका पहाटे छातीत कळ येऊन सारे संपलेले. कुटुंबीय म्हणतात, “फादर, त्यांना काहीच त्रास नव्हता हो.” त्यांचे म्हणणे खोटे नसते. त्रास नव्हता, हे खरेच असते. मात्र त्रास नव्हता म्हणजे आजार नव्हता, असे मात्र होत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतील थर वीस-पंचवीस वर्षे मुकाट्याने वाढत असतो आणि या सर्व काळात शरीर एका शब्दानेही तक्रार करीत नाही.

हा थर ज्या पदार्थापासून बनतो, त्याचे नाव कोलेस्टेरॉल. हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. तेलाच्या डब्यावर, वर्तमानपत्राच्या पुरवणीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो ऐकू येतो. परंतु त्याचा अर्थ किती जणांना नेमका ठाऊक आहे? स्वतः प्रस्तुत लेखकाला तो वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हता. ती हकिकत पुढे येईलच. प्रथम हा पदार्थ म्हणजे काय, ते समजून घेऊ या.

शत्रू की मित्र?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे. अठराव्या शतकात तो पित्ताशयातील खड्यांमध्ये प्रथम आढळला आणि पुढे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी ‘पित्त’ आणि ‘घट्ट’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्याचे नामकरण केले. त्याची बदनामी फार झाली असली तरी त्याच्यावाचून आपण एक दिवसही जगू शकणार नाही. शरीरातील प्रत्येक पेशीचे आवरण घडविण्यास तो लागतो. अन्नातील स्निग्धांश पचविणारा पित्तरस, स्त्री-पुरुषत्वाची संप्रेरके आणि उन्हात त्वचेखाली तयार होणारे ‘ड’ जीवनसत्त्व या सर्वांचा कच्चा माल कोलेस्टेरॉलच होय.

इतकी गरजेची वस्तू निसर्गाने आपल्या ताटावर अवलंबून ठेवलेली नाही. शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. आहारातून येणारा भाग त्या मानाने लहान असतो. म्हणूनच आयुष्यभर शाकाहारी असलेल्या, अंड्यालाही न शिवलेल्या माणसाचे कोलेस्टेरॉल वाढलेले दिसते आणि घरच्यांना आश्चर्याचा धक्का बसतो.

रक्तातील मालगाड्या

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे आपण जाणतो. रक्त हे पाण्यासारखे आणि कोलेस्टेरॉल तेलासारखे. मग त्याची वाहतूक व्हावी कशी? त्यासाठी शरीर प्रथिनांचे वेष्टन असलेले सूक्ष्म कण तयार करते. नागपूरकरांना रेल्वेचे उदाहरण चटकन समजेल. हे कण म्हणजे मालगाड्या आणि कोलेस्टेरॉल हा त्यांतील माल.

या गाड्यांचे मुख्य प्रकार दोन. ‘एलडीएल’ नावाच्या गाड्या माल घेऊन शरीरभर फिरतात. ‘एचडीएल’ नावाच्या गाड्या उरलेला माल गोळा करून यकृताकडे परत आणण्यास मदत करतात. म्हणून बोलीभाषेत पहिल्याला ‘वाईट’ आणि दुसऱ्याला ‘चांगले’ कोलेस्टेरॉल म्हणण्याची पद्धत पडली. रक्तात याखेरीज ‘ट्रायग्लिसराइड’ हाही चरबीचा एक प्रकार असतो. खाऊन न वापरलेली साखर, मैदा आणि मद्य यांचे रूपांतर प्रामुख्याने त्यात होते.

फिरून आलेल्या एलडीएलच्या गाड्या उतरवून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर जणू फलाट असतात. फलाट पुरेसे असले की गाड्या येतात, रिकाम्या होतात आणि रक्त स्वच्छ राहते. फलाट कमी पडले की गाड्या रक्तातच फिरत राहतात आणि त्यांतील काही रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरून अडकतात. या फलाटांचा शोध मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकन संशोधकांनी लावला. त्यासाठी त्यांना १९८५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. काही कुटुंबांत जन्मतःच हे फलाट अपुरे असतात, हेही त्यांनीच दाखवून दिले.

अस्तरात अडकलेल्या एलडीएलभोवती शरीराच्या संरक्षक पेशी गोळा होतात, त्या चरबी गिळून फुगतात, सूज येते आणि हळूहळू एक गाठ तयार होते. ही गाठ कधी रक्तवाहिनी अरुंद करते. बहुतेक झटके मात्र निराळ्याच रीतीने येतात. गाठीवरील पातळ पापुद्रा एके दिवशी फाटतो, त्या जागी रक्ताची गुठळी जमते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद होते. आदल्या दिवशी ती वाहिनी जेमतेम अर्धी अरुंद झालेली असू शकते. त्यामुळेच तो मनुष्य जिना चढला, बाजारात गेला, मिस्सेला आला, आणि त्याला काहीही जाणवले नाही. ‘कालपर्यंत धडधाकट’ या वाक्याचे वैद्यकीय स्पष्टीकरण हे असे आहे.

ही प्रक्रिया किती लवकर सुरू होते? कोरियाच्या युद्धात मृत्युमुखी पडलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय होते अवघे २२ वर्षे. तरीही त्यांपैकी सुमारे ७७ टक्के तरुणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत या विकाराच्या कमी-अधिक खुणा आढळल्या. हे तरुण आजारी नव्हते. ते लढण्यास पात्र ठरलेले जवान होते.

आपल्याकडचे निराळेपण

हृदयविकार भारतीयांना लवकर गाठतो, ही केवळ समजूत नाही. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील मोठ्या अभ्यासात असे दिसून आले की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांत हेच वय सुमारे ५९ होते. सहा वर्षांचा हा फरक कागदावर लहान दिसतो. परंतु त्या सहा वर्षांत एखाद्या मुलीचे शिक्षण पूर्ण होते, एखाद्या घराचे कर्ज फिटते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार ८१.२ टक्के प्रौढांच्या रक्तातील चरबीच्या प्रमाणात काही ना काही दोष आढळला. यातील तपशील अधिक बोलका आहे. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक केवळ २४ टक्के होते, पण ‘चांगले’ एचडीएल कमी असलेले तब्बल ६६.९ टक्के आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले ३२.१ टक्के. याचा अर्थ असा की आपल्या दोषाचा पुष्कळसा भाग रिपोर्टच्या पहिल्या ओळीत दिसतच नाही. तो खालच्या ओळींत दडलेला असतो.

वरची ओळ आणि खालच्या ओळी

आता ती हकिकत. मला मधुमेह आहे आणि माझ्या थोरल्या बंधूंना पन्नाशीच्या आतच झटका येऊन गेला होता. बावन्नाव्या वर्षी एका आरोग्य शिबिरात माझे रक्त तपासले गेले. रिपोर्टवर एकूण कोलेस्टेरॉल १९६ असे लिहिले होते. दोनशेच्या आत म्हणजे उत्तम, असे ऐकून होतो. समाधानाने कागदाची घडी घातली आणि ती टेबलाच्या खणात ठेवून दिली. आठ महिन्यांनी दुसऱ्याच कारणाने डॉक्टरांकडे गेलो असता तो कागद सहज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “फादर, तुम्ही वरची ओळ वाचलीत. खालच्या वाचल्याच नाहीत.”

खालच्या ओळी अशा होत्या : एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २१०, एलडीएल १२०. पुरुषांमध्ये एचडीएल ४० पेक्षा आणि स्त्रियांमध्ये ५० पेक्षा कमी असू नये. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत असावे. ही दोन्ही माझ्याकडे बिघडलेली होती. एकूण आकडा लहान दिसत होता, त्याचे एक कारण एचडीएलच कमी होते हे! चांगल्याची उणीव वाईटाला झाकत होती.

डॉक्टरांनी मग एक सोपी वजाबाकी शिकविली. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावे. १९६ वजा ३४ म्हणजे १६२. या आकड्याला ‘नॉन-एचडीएल’ म्हणतात. रक्तवाहिनीत थर साचविणाऱ्या सर्व कणांतील कोलेस्टेरॉल त्यात येते. सर्वसाधारण माणसात तो १३० च्या आत असावा. ज्यांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले असते, त्यांच्यासाठी हा आकडा विशेष उपयोगी पडतो. वाचकांनी आपला जुना रिपोर्ट काढून ही वजाबाकी आजच करून पाहावी.

आता प्रश्न एलडीएलचा. १२० हा आकडा चांगला की वाईट? याचे उत्तर आकड्यात नसून माणसात आहे. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार ज्यांना अन्य धोका नाही त्यांचे एलडीएल १०० च्या आत असावे. मधुमेह, उच्च रक्तदाब अशा कारणांनी ज्यांचा धोका अधिक आहे त्यांचे ७० च्या आत असावे. ज्यांना आधीच झटका वा पक्षाघात येऊन गेला आहे, अशा अति-धोक्याच्या रुग्णांचे ५५ च्या आत असावे. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर मात्र सर्वांसाठी एकच ‘नॉर्मल’ रकाना असतो. यंत्राला आपला मधुमेह ठाऊक नसतो आणि आपल्या भावाचा झटकाही ठाऊक नसतो. म्हणून रिपोर्ट शेवटी डॉक्टरांनीच वाचावा.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, या तपासणीसाठी उपाशीपोटीच रक्त दिले पाहिजे असा आग्रह आता राहिलेला नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले आढळल्यास डॉक्टर उपाशीपोटी पुन्हा तपासणी सांगतात. दुसरी, ‘लिपोप्रोटीन ए’ नावाची एक निराळी तपासणी आहे. हा घटक अनुवंशिक असतो, आहाराने फारसा बदलत नाही आणि पुष्कळ भारतीयांत तो वाढलेला असतो. ती आयुष्यात किमान एकदा करून घ्यावी, विशेषतः ज्यांच्या घरात तरुण वयात झटके आले आहेत त्यांनी.

विदर्भाचे ताट

आहाराविषयी बोलताना प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. तेलाच्या डब्यावर ठळक अक्षरांत ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ असे छापलेले असते आणि गृहिणी निर्धास्त होतात. वस्तुतः कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. शेंगदाण्यात नसते, नारळात नसते, पामतेलातही नसते. कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत आढळते. तेव्हा हा शब्द छापून उत्पादकाने विशेष असे काहीच सांगितलेले नसते.

महत्त्वाचा प्रश्न आहे तो संपृक्त चरबीचा. सामान्यतः जी थंडीत थिजते ती ही चरबी. ती अधिक खाल्ली की यकृतावरील फलाट कमी होतात आणि रक्तात एलडीएल वाढते. खोबरेल तेलात तिचे प्रमाण जवळपास नव्वद टक्के, तुपात साठ टक्क्यांहून अधिक, पामतेलात सुमारे निम्मे. शेंगदाणा, सोयाबीन, करडई यांच्या तेलांत ते बरेच कमी. वनस्पती तुपातील ‘ट्रान्स फॅट’ हा प्रकार याहूनही घातक, कारण तो एलडीएल वाढवितो आणि एचडीएल घटवितो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे. परंतु कढईतील तेच तेल चार-चार वेळा तापविणाऱ्या गाडीवाल्याकडे ही मर्यादा कोण मोजणार?

आपल्या नागपूरच्या खाण्याची कीर्ती सर्वदूर आहे. सावजी रस्स्यावर तरंगणारी लाल तर्री, सकाळचे तर्री-पोहे, सांबारवडी, गोळाभातावर ओतलेली कडकडीत फोडणी. हे सारे सोडून द्या असे सांगितले तर कोणी ऐकणार नाही आणि सांगणाऱ्याचाही विश्वास बसणार नाही. मुद्दा प्रमाणाचा आणि वारंवारतेचा आहे. तर्री वाटीत काढून ठेवून खालचा रस्सा घेता येतो. मटणाची दिसणारी चरबी शिजविण्यापूर्वी काढता येते. भेजा, कलेजी, गुर्दा हे पदार्थ क्वचितच घ्यावेत. अंड्याच्या पिवळ्या बलकात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. निरोगी माणसाने दिवसाला एक अंडे खाण्यास सहसा हरकत नसते. मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारावे.

उपवासकाळातील शुक्रवारी आपण मांस वर्ज्य करतो. पण पुष्कळ घरांत त्याच दिवशी भजी, कचोरी आणि तळलेल्या पापडांची रेलचेल असते. मांसाहाराला सुट्टी मिळते, तेलाला मिळत नाही. महिन्याला घरात किती तेल संपते हे पाहून त्याला घरातील माणसांच्या संख्येने भागावे. दरडोई अर्ध्या लिटरच्या पुष्कळ वर आकडा गेला, तर हात आवरण्याची वेळ आली असे समजावे.

आनंदाची गोष्ट अशी की उपायही आपल्याच ताटात आहेत. विदर्भात जवस पूर्वीपासून पिकते. आपल्या आजींच्या हातची जवसाची चटणी आठवा. जवसाच्या तेलातील निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ प्रकारच्या असंपृक्त चरबीचा असतो आणि दाण्यात विरघळणारा चोथा भरपूर असतो. हा चोथा आतड्यातील पित्तरस धरून ठेवतो व शरीराबाहेर टाकतो. मग नवा पित्तरस बनविण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल खेचून घेते. तूर, हरभरा, मूग यांच्या डाळी, वांगी, भेंडी, पेरू, आणि आपली संत्री हेही हेच काम करतात. संत्र्याचा रस गाळून पिण्याऐवजी फोडी चावून खाव्यात, कारण चोथा फोडीत असतो. संत्रा बर्फीतील संत्रे मात्र या हिशेबात धरू नये! पांढऱ्या भाताचा ढीग कमी करून ज्वारीची भाकरी वाढविली तर ट्रायग्लिसराइडलाही आळा बसतो.

पाय, तंबाखू आणि कंबर

आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे, असे जगभरचे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. सेंट चार्ल्स सेमिनरीवरून ज्या टेकडीला सेमिनरी हिल्स हे नाव पडले, तेथे पहाटे चालणाऱ्यांची वर्दळ असते. अंबाझरीला, फुटाळ्यालाही असते. वैशाखातील उन्हाचा विचार करता नागपुरात पहाट हीच योग्य वेळ. चालण्याने ट्रायग्लिसराइड उतरते, एचडीएल थोडे वाढते, रक्तदाब आणि साखर आटोक्यात येते. केवळ चालून एलडीएल फारसे उतरत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

खर्‍र्‍याविषयी वेगळे लिहावे लागते, कारण तो आपल्या विदर्भाचा विशेष रोग आहे. खर्रा खाणारे म्हणतात, “आम्ही काही सिगारेट ओढत नाही.” परंतु तंबाखू ओढली काय किंवा चघळली काय, रक्तवाहिन्यांना तिचा त्रास होतोच. चरबीने आधीच नाजूक झालेल्या वाहिनीला तंबाखूची जोड म्हणजे वाळलेल्या गवताशेजारी ठिणगी.

गोळी : का, किती दिवस?

आहार व चालणे यांमुळे एलडीएल साधारणतः दहा ते पंधरा टक्के उतरते. काहींना तेवढे पुरते. ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी ‘स्टॅटिन’ वर्गातील गोळ्या आहेत. जपानचे अकिरा एंडो यांनी बुरशींच्या हजारो नमुन्यांची तपासणी करून १९७३ साली अशा पहिल्या द्रव्याचा शोध लावला. १९८७ साली या वर्गातील पहिले औषध बाजारात आले. यकृतातील कोलेस्टेरॉलचा कारखाना ही गोळी मंदावते. मग यकृत आपली गरज भागविण्यासाठी फलाट वाढविते आणि रक्तातील एलडीएल आत ओढून घेते. योग्य मात्रेत एलडीएल निम्म्यावर येऊ शकते.

१९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे साडेपाच वर्षांत साधी, औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी १२ टक्के रुग्ण दगावले, तर स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी ८ टक्के. शंभरातील चार माणसे वाचली, म्हणजे चार कुटुंबे सावरली. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की एलडीएल सुमारे ३९ ने उतरले की झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या संकटांचा धोका सुमारे एक-पंचमांशाने घटतो.

पण गोळीची खरी अडचण गोळीत नसून आपल्या मनात आहे. मी स्वतः तीन महिने गोळी घेतली. एलडीएल १२० वरून ६८ वर आले. मनात म्हटले, बरे झालो! आणि डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली. पुढच्या तपासणीत आकडा ११८. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “फादर, पावसात छत्री उघडल्यावर अंग कोरडे राहिले, म्हणून छत्री मिटायची का?” त्या दिवसापासून गोळी चुकलेली नाही.

हीच चूक असंख्य घरांत होते. तापाची गोळी ताप उतरल्यावर थांबवावी, हे योग्यच. परंतु कोलेस्टेरॉलची गोळी फलाट वाढवून ठेवते. ती थांबली की काही आठवड्यांत फलाट पूर्ववत होतात आणि आकडा मूळ पदावर येतो. ‘नॉर्मल’ रिपोर्ट हे गोळी लागू पडल्याचे प्रमाणपत्र आहे. त्यावरून गोळीची गरज संपली असा अर्थ काढू नये.

दुष्परिणामांची भीतीही फार असते. स्नायूदुखी काहींना होते, पण तिचा बाऊ अधिक होतो. इंग्लंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पूर्वी त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी आणि काही महिने औषधविरहित गोळी दिली गेली. कोणत्या महिन्यात कोणती, हे त्यांना सांगितले नव्हते. खऱ्या गोळीने जाणवलेल्या त्रासाच्या नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीनेही जाणवला! साखर किंचित वाढण्याची शक्यता मात्र खरी आहे. धोका अधिक असलेल्यांत लाभ तिच्याहून पुष्कळ मोठा ठरतो. खरोखर त्रास होत असेल तर डॉक्टर मात्रा बदलतात किंवा दुसरे औषध देतात. गरोदर स्त्रियांनी आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्यांनी डॉक्टरांना तसे आधीच सांगावे. खर्चाची चिंता असेल त्यांनी जनऔषधी केंद्रात चौकशी करावी, तेथे ॲटोर्व्हास्टॅटिन अल्प दरात मिळते. लसूण, मध, काढे यांवर विसंबून गोळी सोडणे मात्र धोक्याचे आहे.

कोणी आणि केव्हा तपासावे?

पहिली तपासणी वयाच्या अठराव्या वर्षीच करून घ्यावी, असे वर उल्लेखिलेली भारतीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. घरात तरुण वयात झटका आलेला असल्यास त्याहूनही आधी करावी. एलडीएल १९० वर असेल, टाचेमागची शीर जाड झाली असेल, किंवा पंचेचाळिशीच्या आत डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरट कडे दिसत असेल, तर जन्मजात दोषाची शंका घ्यावी. असा दोष आई किंवा वडिलांत असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून एका रुग्णाचे निदान झाले की भावंडे व मुले यांचीही तपासणी झालीच पाहिजे. बारीक अंगकाठी हे यापासून संरक्षण नव्हे.

आणि शेवटचे, पण प्राण वाचविणारे. छातीत दाब, जबड्यात वा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, अचानक धाप यांपैकी काहीही जाणवल्यास ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोड्याची बाटली उघडत बसू नये. स्त्रियांत व मधुमेहींत ही लक्षणे सौम्य किंवा निराळी असू शकतात. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि थेट हृदयरोगाची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. तेथे जाणारा प्रत्येक मिनिट हृदयाच्या स्नायूंचा असतो.

प्रिय बंधू-भगिनींनो, न दुखणाऱ्या दुखण्यासाठी औषध घेणे, न लागलेल्या भुकेपुढे हात आखडता घेणे, हे अवघड आहे. त्याचे फळ दिसत नाही, कारण ते फळ म्हणजे काहीही न घडणे हे असते. पण त्या ‘काहीही न घडण्यात’ एखाद्या मुलीचे लग्न वडिलांच्या उपस्थितीत होते आणि नातवंडाच्या बाप्तिस्म्याला आजी हजर असते. आपल्या टेबलाच्या खणातही एखादा घडी घातलेला रिपोर्ट असेल. तो आज बाहेर काढा, खालच्या ओळी वाचा आणि येत्या आठवड्यात डॉक्टरांपुढे ठेवा.